खेळण्यातल्या ब्रिक्सचा पुलावर चढणारा रस्ता: गाडी अडकते, मदत हवी

चोडणकाठ

नमस्कार सगळ्यांना. चवथीला तीन आठवडे राहिलेत आणि लेकीने यंदा गणपतीसमोर तिच्या ब्रिक्सचा देखावा करायचा ठरवलंय. आम्ही चोडणला राहतो, रोज फेरीतून रायबंदरला आणि तिथून पणजीला, त्यामुळे तिच्या डोक्यात फक्त दोन गोष्टी, फेरीबोट आणि मांडवीवरचे पूल. मांडवीवर तीन पूल शेजारीशेजारी आहेत पण आपण एकच करू असं म्हणून मी तिची समजूत काढलीय. खाली निळा कागद, त्याच्यावर तिची फेरी, वर पूल, आणि दोन्ही बाजूंनी पुलावर चढणारा रस्ता.

पूल झाला. फेरी झाली. रस्त्यावर आम्ही दोन रविवार अडकलोय.

पुलाची उंची १० ब्रिक आहे कारण फेरीच्या केबिनवर तिने झेंड्याची काठी लावलीय ती खालून जायला हवी. रस्ता पहिल्यांदा आम्ही पायऱ्यांसारखा केला, दर चार बटणांना (ब्रिकवरचे गोल उंचवटे) एक ब्रिक वर. दिसायला छान दिसतो पण गाडी काही चढत नाही, पुढची चाकं पायरीला धडकतात. मग त्याच्यावर पुठ्ठा टाकला, दोन दिवस मस्त चालला, पण ऑगस्टची हवा म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, तिसऱ्या दिवशी पुठ्ठा मधोमध पोट काढून खाली बसला आणि कडा वर वळल्या. शिवाय पुठ्ठा बरा होता तेव्हासुद्धा गाडी अगदी वर पोचली की पोटावर टेकायची, चारही चाकं हवेत आणि गाडी तराजूसारखी डुलते. लेक ढकलते तेव्हा पूलच हलतो.

जागा म्हणजे चार फुटी टेबल, त्याहून मोठं शक्य नाही, कारण बाकी खोलीत गणपतीचं मखर आणि वर माटोळी, म्हणजे टांगलेल्या फळाफुलांची सजावट. ब्रिक्स बरेचसे लेगोचे आहेत, थोडे बाजारातले साधे. गोंद लावून करू का? का काही वेगळी पद्धत आहे? गाडीच्या पुढच्या मागच्या चाकांत ७ बटणांचं अंतर आहे आणि पोट जमिनीपासून जेमतेम एका प्लेटएवढं (म्हणजे पातळ ब्रिकएवढं) वर आहे.

पणजी_साडेनऊ

रोड प्लेट विकत मिळतात की. २०२१ पासून लेगोने ते जुने पातळ ३२ बाय ३२ चे रस्ते सोडून १६ बाय १६ चे जाड तुकडे आणलेत, त्यावरून गाड्या छान पळतात. पण ते सपाट रस्त्याला, पुलावर चढायला स्वतःच काहीतरी करावं लागणार. मी माझ्या भाच्याला तेच दिलेत, चढणीचं कोडं आम्हालाही सुटलेलं नाही म्हणून इथे लक्ष ठेवून आहे.

फोंडा_सिव्हिल

ताई, मी रस्त्यांचंच काम करतो, तेव्हा आधी खऱ्या रस्त्याचं सांगतो म्हणजे तुमची गाडी का अडकते ते लक्षात येईल. सपाट प्रदेशात आपण रस्त्याला साधारण १ ला ३० एवढाच चढ देतो, म्हणजे ३० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. फारच अडचण असेल तर १ ला २०, आणि अगदी नाइलाज म्हणून १ ला १५. मांडवीवरच्या तीन पुलांपैकी अटल सेतू ५.१ किलोमीटर लांब आहे, नदी काही तेवढी रुंद नाही, गाडी हळूहळू वर नेऊन हळूहळू खाली आणायलाच बरीच लांबी लागते.

आता तुमचा पूल. १० ब्रिक म्हणजे ९.६ सेंटिमीटर. १ ला ३० ने जायचं म्हटलं तर एका बाजूचा रस्ताच २ मीटर ८८ सेंटिमीटर होईल, म्हणजे मखराच्या पलीकडे स्वयंपाकघरात पोचेल. तुम्ही ४० बटणांत म्हणजे ३२ सेंटिमीटरमध्ये चढवलात, तो १ ला साडेतीनपेक्षाही उभा झाला. कोन जवळजवळ १७ अंश.

पण खरी अडचण चढाची नाहीये. लहान मुलगी हाताने ढकलते, ती १७ अंशही चढवेल. अडचण दोन टोकांना आहे. वर जिथे चढ संपून पूल सपाट होतो तिथे एकदम मोड आहे, आणि गाडीचं पोट नेमकं त्या मोडावर येतं. तुमच्या गाडीच्या चाकांतलं अंतर ५६ मिलिमीटर, १७ अंशांच्या मोडावरून जायला पोटाखाली साधारण ४ मिलिमीटर मोकळी जागा पाहिजे, आणि एक प्लेट म्हणजे ३.२ मिलिमीटर. टेकणारच. म्हणून खऱ्या रस्त्यावर आम्ही चढ संपतो तिथे कधीही कोपरा ठेवत नाही, गोलाई देतो.

तेव्हा माझं मत, पूल खाली आणा. ६ ब्रिक केलात तर काम होईल. फेरीची काठी काढायला लेकीला विचारा, हट्ट असेल तर माझ्या नावावर सांगा की इंजिनियरकाका म्हणतात.

कुडचडे_ब्रिक्स

फोंड्याच्या दादांना पूर्ण अनुमोदन, आता मी ब्रिक्सच्या बाजूने सांगतो कारण मी दहावीपासून हेच करतोय आणि हे रॅम्पचं दुखणं मी सहा-सात वेळा भोगलंय.

ताई गोंद अजिबात नको. अजिबात म्हणजे अजिबात. लेगोच्या १९५८ सालच्या ब्रिकवर आजचा ब्रिक बसतो, एवढं ज्याचं माप सांभाळलंय ती वस्तू एका चवथीसाठी कायमची चिकटवून टाकायची नाही.

मापं आधी डोक्यात घ्या. एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंत ८ मिलिमीटर, ब्रिकची उंची ९.६, प्लेट ३.२, तीन प्लेट म्हणजे एक ब्रिक. आडवं ८ च्या हिशोबात आणि उभं ९.६ च्या, म्हणूनच तिरकी वस्तू दोन्ही टोकांना बटणावर बसत नाही आणि आपण जबरदस्तीने बसवायला गेलो की ती कमान होते. पण ५ ब्रिक म्हणजे ४८ मिलिमीटर म्हणजे बरोबर ६ बटणं, हे जमतं. याच हिशोबाने तुमच्या १० ब्रिकच्या पुलाला एक अगदी अचूक उत्तर आहे, उंची १० ब्रिक म्हणजे १२ बटणं, जमिनीवर ३५ बटणं, तिरका रस्ता ३७ बटणं. शाळेतलं पायथागोरस, १२-३५-३७. दोन्ही टोकं बटणावर बसतात, एक केससुद्धा फट नाही. मी रेल्वेच्या पुलाखालच्या तिरक्या आधाराला हे वापरलंय. पण तो कोन १९ अंश, गाडीचं पोट टेकणार ते टेकणारच, म्हणून रस्त्याला ६ ब्रिकच घ्या.

६ ब्रिक म्हणजे ५७.६ मिलिमीटर, रस्ता ४८ बटणं लांब ठेवा म्हणजे ३८.४ सेंटिमीटर, कोन साडेआठ अंशांच्या आसपास. दोन बाजूंचे दोन रस्ते आणि मधे ३२ बटणांचा पूल मिळून १०२ सेंटिमीटर, चार फुटांत बसतं आणि दोन्ही टोकांना अर्ध्या वितीला थोडा कमी सपाट रस्ताही मिळतो.

रस्ता कसा बांधायचा तर खाली प्लेटचे दोन थर आणि वर गुळगुळीत टाइल, म्हणजे बटणं नसलेली प्लेट. दोन प्लेट अधिक टाइल म्हणजे बरोबर एक ब्रिकची जाडी झाली, हे फार कामाचं आहे पुढे. दोन थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका, गवंडी भिंतीत सांधे मोडतो तसे मोडा, नाहीतर लेक पहिल्यांदा जोरात दाबेल तिथेच कडकन तुटेल. पुलाच्या टोकाला बिजागरीचे ब्रिक लावा, साधे फिरणारे, क्लिक होणारे नको कारण ते २२.५ अंशांच्या टप्प्याने अडकतात आणि आपल्याला साडेआठ हवेत.

रस्ता मधे लवू नये म्हणून खाली दोन खांब, खालच्या टोकाकडून एक तृतीयांश अंतरावर २ ब्रिकचा आणि दोन तृतीयांश अंतरावर ४ ब्रिकचा. खांबांच्या डोक्यावर बटण ठेवू नका. खांबाच्या सगळ्यात वर प्लेटऐवजी तेवढ्याच उंचीची टाइल घाला, रस्ता त्याच्यावर नुसता टेकू दे.

राहिलं खालचं टोक. ४८ बटणांचा रस्ता तिरका झाला की जमिनीवर ४८ बटणं भरत नाही, ४.३ मिलिमीटर कमी पडतो. अर्धं बटण म्हणजे ४ मिलिमीटर. तर खालच्या सपाट रस्त्याखाली जंपर प्लेट घाला, ती मधोमध एकच बटण असलेली दोनाची प्लेट असते, ती सगळं अर्ध्या बटणाने सरकवते. उरलेली फट नखाएवढीही नाही.

निवृत्त_बाई_डिचोली

अगं, वाचून इतका आनंद झाला. मी प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, तेव्हा असे ब्रिक नव्हते, आम्ही काड्यापेट्यांचे पूल करायचो.

दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे टाइल. अख्ख्या रस्त्यावर टाइल घालायची गरजच काय? आमच्या गावात वाडीत जाणारी वाट आठव, सिमेंटच्या दोन पट्ट्या आणि मधे गवत. चाकं जिथे पडतात तेवढीच चाकोरी गुळगुळीत कर. रस्ता ८ बटणं रुंद असेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन बटणांची चाकोरी, मधली बटणं उघडी. पूर्ण रस्त्याला दोनाला चारच्या ४८ टाइल लागल्या असत्या, अशा २४ मधे होतं. मधे हिरवी बटणं ठेवलीस तर पावसातलं गवत. गाडीचं पोट त्या बटणांना लागणार नाही, टाइल बटणाच्या वर येते. मोजून बघ पण, मी गाडी बघितलेली नाही.

दुसरं, माटोळीच्या बरोबर खाली ते टेबल ठेवू नकोस. आमच्याकडे एकदा दुपारी सुतळी सैल होऊन अख्खा आंबाड्यांचा घड खाली समईवर आला होता. तोरिंगासारखं मोठं फळ पडलं तर तुझ्या पुलाचं काय होईल. भिंतीच्या बाजूला घे.

आणि चढ नीट झाला का बघायला गाडीआधी गोटी सोड. चाकोरीत गोटी वरून सोडली की कुठे अडते, कुठे उडी मारते ते लगेच कळतं, मुलांना ते कळायला काहीही सांगावं लागत नाही. लेकीलाच सोडू दे.

चोडणकाठ

बाई, दादा, खूप खूप आभार. काठीचं मी तिला विचारलं, दहा मिनिटं विचार करून म्हणाली खरी फेरी पण अटल सेतूखालून काठी काढत नाही, पण आपला पूल छोटा आहे म्हणून चालेल. झेंडा आता केबिनच्या मागे खाली आडवा लावलाय. काठीशिवाय फेरी ५ ब्रिक उंच आहे, ६ खालून आरामात जाते.

शनिवारी एका बाजूचा रस्ता बांधून झाला आणि मग मी जिथे अडकले ते सांगते. कुडचडेच्या भावाने सांगितलं तसं वर बिजागरी, खाली सपाट रस्ता जंपरवर अर्धं बटण पुढे घेऊन निळ्या बेसप्लेटवर (तळाच्या मोठ्या पातळ प्लेटवर) घट्ट. बसेना. रस्त्याचं टोक आणि सपाट रस्त्याचं टोक एकमेकांना भिडून चढ मधे वर उचलला जायचा, ४ ब्रिकच्या खांबावरून सुटून वर. शाळेची पट्टी लावून मोजलं तर जंपर काढल्यावर फट ३ मिलिमीटरच होती, ४.३ नाही. जंपर घातला की ४ ने पुढे येणार म्हणजे एक मिलिमीटर जास्त. त्या एका मिलिमीटरने अख्खी चढण उचलली जाते हे मला खरंच माहीत नव्हतं.

कुडचडे_ब्रिक्स

अरे हो, बरोबर आहे तुमचं ताई, माझी चूक. ४.३ हे नुसत्या रेषेचं गणित. आपला रस्ता एक ब्रिक जाड आहे, तिरका झाला की खालच्या टोकाची वरची कड खालच्या कडेपेक्षा साधारण दीड मिलिमीटर पुढे झुकते, आणि भिडते ती वरची कडच. म्हणून ४.३ मधून दीड वजा, तुमचे ३ आले. शिवाय बिजागरीचा आस कुठे येतो त्यावर अजून थोडं इकडेतिकडे. मी माझे रॅम्प एका प्लेटचे पातळ करायचो म्हणून मला हे कधी जाणवलं नाही. जंपर काढून टाका.

फोंडा_सिव्हिल

जंपर काढा आणि ती फट भरायच्या मागेही लागू नका. खालचा सपाट रस्ता बेसप्लेटला लावूच नका, टेबलावर मोकळा ठेवा आणि सरकवत आणा जोपर्यंत भिडत नाही.

खऱ्या पुलाला आम्ही हेच करतो. गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, दोन्ही टोकांना खांबांवर घट्ट बांधत नाही. एका टोकाला पक्कं बेअरिंग आणि दुसऱ्या टोकाला सरकणारं, कारण उन्हात पूल लांब होतो आणि रात्री आखूड. दोन्हीकडे बांधला तर तो कुठेतरी स्वतःच जागा करून घेतो, म्हणजे तडा. पुलावरून जाताना गाडी ठराविक अंतराने टक् टक् वाजते ना, ते त्या सोडलेल्या फटींचे सांधे.

चोडणकाठ

दादा तुम्ही हे लिहिलंत आणि मी सोमवारी सकाळी फेरीवर उभी होते, पुढे रायबंदरचा धक्का येत होता, आणि मी त्या बोटीच्या फळीकडे आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं. ती लोखंडी फळी बोटीला बिजागरीने लावलेली आहे आणि दुसरं टोक कशालाच लावलेलं नाही. साखळी सैल होते, फळी उतारावर पडते आणि नुसती टेकते. भरती असेल तर वर टेकते, ओहोटी असेल तर खाली, बोट लाटेवर हलली तर फळी सिमेंटवर खरखर करत पुढेमागे सरकते आणि तिच्यावरून स्कूटर, रिक्षा, माशांच्या टोपल्या सगळं उतरतं. ओहोटीला गाड्या तिरक्या, अगदी सावकाश घेतात ते पण त्या मोडावर पोट घासू नये म्हणून, तुम्ही सांगितलंत तेच.

लहानपणापासून मी त्या फळीवरून चालतेय.

घरी येऊन लेकीला म्हटलं, आपला रस्ता फेरीच्या फळीसारखा करायचा. तिला एका वाक्यात कळलं. वर बिजागरी, खाली मोकळं. खांबांवर टाइल, म्हणजे तिथेही नुसतं टेकलेलं. सपाट रस्ता दोन प्लेट अधिक टाइल असा तेवढ्याच जाडीचा केला आणि तिने बोटाने सरकवत सरकवत आणून चढाला भिडवला. वरची पातळी अशी जुळली की मी बोट फिरवलं तर सांधा लागतच नाही. पुलाच्या बाजूला वर बिजागरीपाशी एक बारीक फट आहे, दीडेक मिलिमीटर.

बाईंच्या सांगण्याप्रमाणे आधी गोटी सोडली. खालच्या सांध्यावरून सरळ गेली. वरून चार बोटांवर मात्र दोनदा अडली, बघितलं तर बाजारातल्या साध्या ब्रिक्समधली एक टाइल नीट बसलीच नव्हती, एका कोपऱ्याने उचललेली. डोळ्याला दिसत नव्हतं. ती बदलली, तिथे लेगोची घातली. मग गाडी. निळी गाडी चढली, वर फटीवर बारीक टक् असा आवाज झाला आणि ती पुलावर गेली, पोट टेकलं नाही. लेक म्हणाली, आई, खऱ्या पुलासारखी वाजली. नंतर ती अर्धा तास फक्त तो टक् ऐकत होती.

निवृत्त_बाई_डिचोली

डोळ्यांत पाणी आलं गं. मधे गवत ठेवलंस का?

चोडणकाठ

ठेवलं बाई. हिरव्या प्लेटा पुरल्या नाहीत म्हणून थोडं गवत आणि थोडी लाल माती असं केलंय, चिरेखाणीच्या वाटेसारखं दिसतं. टेबलही भिंतीकडे घेतलं, माटोळी आता दीड हात पुढे आहे.

आता दुसऱ्या बाजूचा रस्ता राहिला. सगळं तयार आहे, बिजागरी, खांब, प्लेटा, पण राखाडी दोनाला चारच्या टाइल २४ लागतात आणि माझ्याकडे १५ आहेत. दोनाला दोनच्या जोडून बघितल्या, त्यात सांधे वाढतात आणि गोटी थरथरते. कोणाकडे ९ टाइल उसन्या मिळतील का? चवथ झाली की मोजून परत देईन.

कुडचडे_ब्रिक्स

माझ्याकडे आहेत ताई, पाहिजे तेवढ्या घ्या. मी शुक्रवारी आईबरोबर म्हापशाच्या बाजाराला येतोय, माटोळीचं सामान घ्यायला. तुम्ही त्या बाजूला येणार असाल तर पिशवीत घालून आणतो. बारा आणतो, तीन जास्तीच्या असू देत, लेक जोरात दाबते म्हणालात. आणि ब्रिक सुटे करायचा नारिंगी सेपरेटर नसेल तर तोही आणतो, टाइल नखाने काढत बसू नका, नखं दुखतात आणि टाइलच्या कडेला चरे पडतात.

चोडणकाठ

येते. सकाळी नऊची फेरी पकडून. सेपरेटर नाहीये माझ्याकडे, आणच.

फोंडा_सिव्हिल

दुसरा रस्ता बांधाल तेव्हा बिजागरी पुलाच्या बाजूलाच ठेवा, खाली नको. आणि दोन्ही रस्ते लागल्यावर पूल एकदा हाताने हलवून बघा. मधले खांब टेबलाला धरून नसतील तर पुलाखाली बेसप्लेट पाहिजेच, मोकळे ठेवायचे ते फक्त रस्ते.